मध्यंतरानंतरचे हेब्बळीकर मास्तर

तीन वर्षांपूर्वी धारवाडच्या एका साप्ताहिकात वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा वृत्तांत आला होता. खाली 'एक श्रोती' अशी सही होती. व्याख्यान श्री. विष्णुपंत हेब्बळीकर मास्तरांचे होते आणि विषय होता 'पिक्ट आणि गेल'. वृत्तांतात असे छापले होते की, स्कॉटलंडच्या उत्तरेत राहणाऱ्या पिक्ट लोकांच्या सरदारांना, पश्चिम किनाऱ्याकडून आलेल्या गेल लोकांच्या राजाने मेजवानीला बोलावले. बाकांखाली आधीच खड्डे खणून ठेवले होते. पाहुणे बसल्यावर बाकांच्या खुंट्या ओढल्या आणि खड्ड्यात पडलेल्या पाहुण्यांना ठार मारून त्यांचे राज्य घेतले. शेवटी वाक्य होते, 'हे मास्तरांनी सिद्ध केले.' ते चूक आहे. मास्तरांनी ती कथा मांडली आणि मध्यंतरानंतर तासभर बोलून ती खोडून काढली. 'एक श्रोती' म्हणजे मी. मध्यंतरानंतर मी सभागृहात नव्हते.

हे आधी लिहिल्याशिवाय मला मास्तरांविषयी पुढचे एक अक्षर लिहिता येत नाही. गौरव समितीच्या चिटणीसांनी हा पहिला परिच्छेद गाळावा असे प्रेमाने सुचवले होते. "षष्ट्यब्दीचा ग्रंथ आहे ताई, लोक तो देवापुढं ठेवतील," असे ते म्हणाले. परिच्छेद गाळायचा असेल तर सगळा लेखच गाळावा, असे मी त्यांना कळवले. त्यांनी तो ठेवला, त्याबद्दल त्यांचे आभार.

मास्तरांची आणि माझी पहिली भेट मी अकरा वर्षांची असताना झाली. तोवर मी शाळेत गेले नव्हते. आमचे अप्पा कचेरीत कारकून. त्यांनीच मला अक्षरे, हिशेब, थोडे संस्कृत आणि इतिहास घरी शिकवला. अप्पा सांगत ते मी पाठ करी. शाळेत घालायचे ठरले तेव्हा मी कोणत्या इयत्तेत बसेन ते पाहण्यासाठी ते मला मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तर तेव्हा हायस्कुलात इतिहास शिकवत. केलगेरीच्या वाटेवर त्यांचे घर. ओटीवर काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या आणि मास्तर त्यांच्यासमोर बसून तेच तांदूळ पुन्हा निवडत होते. मी एका लढाईची हकीकत घडाघडा म्हणून दाखवली. मास्तरांनी ती सगळी ऐकून घेतली.

"छान. यार हेळ्यार?"

हे कोणी सांगितले, असा तो प्रश्न. मास्तर मराठीत शिकवत, पण शंका विचारायची झाली की कानडीत विचारत.

मी म्हणाले, "अप्पांनी."

"आणि अप्पांना?"

मी अप्पांकडे पाहिले. अप्पा हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. "पुस्तकात आहे, मास्तर."

"पुस्तकाला कोणी सांगितलं ते बघून या दोघं. घाई नाही."

रायापूरला राहणाऱ्या अप्पांच्या एका मित्राकडे इतिहासाची पुस्तके होती. पुढच्या रविवारी ते तिकडे गेले आणि माझ्यासाठी उत्तर घेऊन आले. ती लढाई लिहिणारा लढाईनंतर शंभर वर्षांनी जन्मलेला होता. अप्पांनी मला सांगितलेली कुठलीही गोष्ट खरी नसू शकेल, असे मला त्या दिवशी प्रथम वाटले. मला रडू आले. अप्पा मात्र खूश होते. त्यांनी मला मास्तरांच्या हवाली केले आणि पुढची दहा-बारा वर्षे माझे खरे शिक्षण त्या ओटीवर झाले.

मास्तरांनी सगळे आयुष्य पिक्ट आणि गेल यांच्यामागे का घालवले, हे पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर हुबळीच्या रेल्वे कारखान्यात आहे. तिथे एक स्कॉच फोरमन होते. त्यांना मराठी शिकायचे होते म्हणून मास्तर आठवड्यातून एकदा हुबळीला जात. या गृहस्थांच्या आजीची भाषा गेलिक होती, वडिलांना ती समजत असे, बोलता येत नसे, आणि स्वतः फोरमनसाहेबांना तिच्यातले फक्त मोजायचे दहा आकडे आणि एक शिवी येत होती. गेलिक भाषेनेच हजार वर्षांपूर्वी पिक्टांची भाषा पुसली, आणि तीच आता आपल्या घरातून गेली, असे ते हसत सांगत. मास्तरांना त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. एक भाषा घरातून नेमकी कोणत्या दिवशी जाते, हा प्रश्न घेऊन ते परत आले आणि आजतागायत त्यावर काम करीत आहेत. निवृत्त होऊन जाताना फोरमनसाहेबांनी आपली पुस्तके आणि त्यांच्या गावाकडच्या पिक्ट शिळांचे, कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेले ठसे मास्तरांना दिले. त्या ठशांत चंद्रकोर आहे, मोडलेला बाण आहे, आरसा आणि फणी आहे, आणि सोंडेसारखे तोंड असलेला एक प्राणी आहे, जो कोणता ते आजवर कोणाला सांगता आलेले नाही. पिक्टांनी स्वतःबद्दल लिहिलेले जवळपास काही उरलेले नाही. राजांच्या नावांची एक यादी तेवढी आहे, तीही दुसऱ्यांनी उतरून ठेवलेली. बाकी सगळे इतरांनी सांगितलेले.

म्हणून मास्तरांची काम करण्याची रीत अशी. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठी कापून ते चिठ्ठ्या करीत. एका चिठ्ठीवर एकच विधान. डाव्या कोपऱ्यात कोणी सांगितले, उजव्या कोपऱ्यात केव्हा सांगितले, आणि खाली, सांगून त्याला काय मिळाले. एका विषयाच्या चिठ्ठ्या बाभळीच्या काट्याने टोचून एकत्र ठेवायच्या. खालचा रकाना रिकामा असलेली चिठ्ठी ते गठ्ठ्यात घालू देत नसत. "काय मिळालं ते सापडत नाही, मास्तर," असे मी म्हटले तर म्हणत, "मग तू अजून नीट संशय घेतलेला नाहीस, अक्का." ते सगळ्याच विद्यार्थिनींना अक्का म्हणत, अगदी आठ वर्षांच्या मुलीलाही.

हा संशय ते स्वतःवरही घेत. पिक्ट लोक अंगभर गोंदून घेत, असे त्यांनी वर्गात पुष्कळ वर्षे शिकवले होते. पुढे त्यांना वाटू लागले की याला पुरावा फार थोडा आहे. रोमन लोकांनी दिलेल्या एका नावावरून ही समजूत पसरलेली दिसते. झाले. मास्तरांनी ज्यांचा पत्ता मिळाला त्या जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डे पाठवली: 'पिक्टांच्या गोंदण्याविषयी मी आपणास वर्गात जे सांगितले ते सिद्ध नाही असे समजावे.' कलघटगीला तलाठी असलेले त्यांचे एक विद्यार्थी कार्ड घेऊन मोटारीने धारवाडला आले. मी तेव्हा ओटीवर चिठ्ठ्या लावत होते.

ते म्हणाले, "मास्तर, या पिक्टांचा काही दावा लागलाय का कुठं? साक्षीला मला यावं लागणार का?"

"दावा नाही हो. मी चूक शिकवली होती."

"एवढंच? मला वाटलं जमिनीचं काही असेल." त्यांनी कार्ड खिशात ठेवले. "मास्तर, बाकी शिकवलेलं बरोबर होतं ना? भूगोल वगैरे?"

"भूगोल दुसरे शिकवत होते."

"मग हरकत नाही," म्हणून ते काकूंच्या हातचा चहा पिऊन गेले. मास्तर संध्याकाळपर्यंत हसत होते. पण पुढच्या आठवड्यात पत्ता नव्याने सापडलेल्या आणखी दोघांना कार्डे गेली.

आता त्या व्याख्यानाकडे येते. मास्तर व्याख्यान शास्त्र्यांच्या पद्धतीने देत. आधी पूर्वपक्ष, म्हणजे आपल्याला न पटणारे मत, ते मानणाऱ्यालाही मांडता येणार नाही इतक्या जोराने मांडायचे. मग उत्तरपक्षात ते एकेक दगड काढून उतरवायचे. अप्पांनी ही पद्धत मला लहानपणीच सांगितली होती. त्यामुळे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. त्या वर्षी चैत्रात व्याख्यान संध्याकाळी होते आणि त्याच संध्याकाळी आमच्या आत्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. मध्यंतर होताच पुढच्या बाकांवरच्या आम्ही सगळ्या बायका उठलो. मास्तरांनी नुकतेच बाकांखालचे खड्डे सांगितले होते आणि सभागृहात कोणी खोकलेही नव्हते. जाताना मला शंका आली की हे अजून संपलेले नाही. मी ती शंका पायरीवरच सोडली आणि आंब्याची डाळ खायला गेले.

घरी आल्यावर आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला विचारले. ते शेवटपर्यंत बसले होते.

"पुढं काय सांगितलं?"

"तेच ते. राजे, सनावळ्या, कोण केव्हा मेला."

"म्हणजे तेच मत?"

"हो ग. मास्तर आपलं मत बदलतात काय?"

मी रातोरात काही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शांतपणे बसून लिहिले, म्हणून घाईचे निमित्तही मला नाही. साप्ताहिकाने ते छापले.

त्या दिवसांत आपल्या गावात कोणत्या भाषेचा प्रांत, कोणत्या भाषेची शाळा, यावरून वातावरण तापले होते. माझ्या वृत्तांतातल्या पिक्टांना आणि गेलांना लोकांनी आठवड्याभरात नावे आणि पत्ते दिले. बाहेरून आलेले, पाहुण्यांना जेवायला बोलावून मारणारे गेल म्हणजे आपण मराठी लोक, असे हुबळीच्या बाजारपेठेत ठरले. कानडी मंडळींतही तसेच ठरले, फक्त तिकडे आनंद झाला. मास्तर भाजीला गेले तर वांगी विकणाऱ्या बाईंनी वजनावर चार वांगी जास्त घातली आणि म्हणाल्या, "नीव खरे हेळिद्री, सर." तुम्ही खरे बोललात. मास्तरांनी ती चार वांगी काढून परत टोपलीत ठेवली आणि कानडीत म्हणाले, "बाई, तुम्ही अर्धंच ऐकलंय." बाईंनी ती पुन्हा घातली आणि मास्तरांनी पुन्हा काढली. शेवटी बाई रागावल्या आणि मास्तरांना वांगी न घेताच घरी यावे लागले, असे काकू सांगतात.

पण सगळे वांग्यांवर निभावले नाही. मास्तरांचे 'पिक्ट आणि गेल' हे पुस्तक लिहून तयार होते. हुबळीचे कापडाचे व्यापारी गोविंदशेट यांनी ते छापून देण्याचा शब्द दिला होता. वृत्तांत वाचून ते स्वतः धारवाडला आले. मी तिथे नव्हते. काकूंनी सांगितले तेवढे लिहिते. गोविंदशेट ओटीवर बसले नाहीत. उभ्याने म्हणाले, "मास्तर, चार पिढ्या आम्ही इथं कापड मोजतोय. आमच्या पोरांची लग्नं इथं झाली. आम्ही जेवायला बोलवून मारणारे?"

मास्तर म्हणाले, "मी तसं म्हटलेलं नाही."

"छापलंय."

"छापलंय, हे खरं आहे."

गोविंदशेटांनी छपाईचा शब्द परत घेतला. वाचनालयाने पुढच्या वर्षापासून मास्तरांना व्याख्यानाला बोलावले नाही. हस्तलिखित फळीवर गेले आणि अजून तिथेच आहे. एवढे सगळे होऊनही मास्तरांनी साप्ताहिकाला खुलाशाची एक ओळ पाठवली नाही. पोस्टकार्डे पाठवणारा माणूस आता गप्प का, हे मला कळेना.

मधल्या तीन वर्षांत मी काय केले, ते सांगितल्याशिवाय मास्तरांचा मोठेपणा कळणार नाही. मास्तरांनी शिकवलेला संशय मी सगळ्यांवर वापरला. वृत्तांत चुकल्याचे कानावर आले तेव्हा संपादकांनी 'सिद्ध केले' हे शब्द पदरचे घातले, असा मला प्रथम संशय आला आणि लवकरच मी तो खरा मानू लागले. मग वाटले, अण्णांनी मुद्दाम चुकीचे सांगितले, कारण मी मास्तरांकडे जाते हे त्यांना आवडत नव्हते. मग खुद्द मास्तरांविषयीही संशय आला. ते पूर्वीसारखेच विचारत, "काय अक्का, काय लिहितेस सध्या?" आणि मला वाटे, यांना माहीत आहे, ते मला माझ्याच तोंडून कबूल करायला लावणार. काकूंनी लाडू दिला तरी मी तो उलटसुलट करून पाही. मी जाणे कमी केले. मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती. कामाचे कारण सांगता येत होते.

गेल्या दिवाळीत घर झाडताना माझ्या पेटीत वृत्तांताचा कच्चा खर्डा निघाला. शेवटची ओळ माझ्या अक्षरात होती: 'हे मास्तरांनी सिद्ध केले.' संपादकांनी एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता. अण्णांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मी त्या दिवशी मागच्या बाकावर झोपलो होतो ग. तू इतकी खोदून विचारत होतीस, झोपलो होतो म्हणून कसं सांगू?" त्यांनी ते इतक्या साधेपणाने सांगितले की मला रागावताही आले नाही. मी खर्ड्यावर चिठ्ठीसारखे तीन रकाने लिहिले. कोणी सांगितले: मी. केव्हा: न ऐकताच. सांगून काय मिळाले: मास्तरांचे व्याख्यान मला पूर्ण समजले, असे लोकांना दिसले.

खर्डा घेऊन मी मास्तरांकडे गेले. त्यांना आता मोतीबिंदू आहे. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला.

"मला माहीत होतं, अक्का."

"कधीपासून?"

"छापून आला त्या दिवसापासून. वृत्तांतात मी पाण्याचा पेला कलंडवला तेसुद्धा आहे. मध्यंतरानंतरचं एक अक्षर नाही. म्हणजे लिहिणारा मध्यंतराला उठला. मध्यंतराला फक्त बायका उठल्या. त्यांच्यात पेन्सिल घेऊन कोण बसलं होतं?"

"मग तुम्ही खुलासा का नाही केलात?"

"खुलासा काढला असता तर लोकांनी पहिलं विचारलं असतं, ही श्रोती कोण. त्याच महिन्यात तुझा अर्ज शाळेच्या मंडळापुढं होता. दोन्हीकडचे लोक चिडले असते. त्यांनी तुला घेतलं असतं?"

काकू आतून म्हणाल्या, "आणि हे मला म्हणाले, ती स्वतः येईल. मी म्हटलं, तीन वर्षं झाली, आता कसली येते. पैज लावली असती तर हरले असते मी."

"मला वाटायचं तुम्ही माझ्यावर पाळत ठेवून आहात," मी म्हणाले.

"होतोच की," मास्तर म्हणाले. "संशय घेणाऱ्या माणसाचा संशय नीट चाललाय की नाही, हे बघायला नको? तू सगळ्यांचा घेतलास, फक्त एकीचा राहिला होता. आता झाला." मग ते फळीकडे वळले. "उत्तरपक्ष ऐकायचाय? ती खालची थैली काढ."

त्या दुपारी मी मध्यंतरानंतरचे व्याख्यान ऐकले. त्याचा सारांश इथे देणे माझे कर्तव्य आहे. मेजवानीची कथा सांगणारे त्या राजानंतर सुमारे तीनशे वर्षांनी झालेले आहेत. त्या काळाच्या जवळ लिहिलेल्या नोंदींत तो गेल राजा मेल्याची बातमी आहे, आणि तिथे त्याला 'पिक्टांचा राजा' म्हटले आहे; त्याच्यामागून आलेल्यांनाही काही काळ तसेच म्हटले आहे. ज्यांना निपटून काढले त्यांचेच नाव मारणारा अभिमानाने का धारण करील, असा मास्तरांचा प्रश्न. त्याआधी थोडीच वर्षे समुद्रावरून आलेल्या उत्तरेच्या लुटारूंशी लढताना पिक्टांचा राजा आणि पुष्कळ सरदार पडले होते. खरा घाव तिथे होता. मेजवानीत दगा देऊन मारल्याच्या अशाच कथा इतर लोकांविषयीही सांगतात, म्हणजे कथा फिरती आहे, नवीन जागी नवी नावे घेते. आणि सांगून काय मिळाले? दोन लोक हळूहळू एक कसे झाले, हे सांगायला अवघड असते आणि ऐकायला कंटाळवाणे. एका संध्याकाळी एका दालनात सगळे संपले, हे सांगायला सोपे. खरे तर पिक्ट मेले नाहीत. त्यांच्या मुलींनी गेलांशी लग्ने केली आणि गेलांच्या मुली पिक्टांच्या घरी आल्या, धर्मोपदेशक गेलिक बोलत, मठात तीच भाषा चाले, आणि नातवंडांनी आजीला तिच्या भाषेत उत्तर देणे सोडले. शिळांच्या एका बाजूला क्रूस आहे आणि दुसऱ्या बाजूला अजून तीच चंद्रकोर. मास्तरांनी ठशावर बोट ठेवून हे दाखवले. पुढे दोघांचे मिळून एक राज्य झाले आणि त्याला नावही तिसरेच पडले.

हे व्याख्यान कोणाच्याही विरुद्ध नव्हते. ते पूर्ण ऐकले असते तर आपल्या गावातल्या दोन्ही भाषांच्या लोकांना काही तरी विचार करण्यासारखे मिळाले असते. ते माझ्यामुळे अर्धे राहिले.

म्हणून मी ठरवले की मास्तरांच्या टिपणांवरून तो दुसरा भाग मी त्याच सभागृहात वाचून दाखवायचा, आणि आधी वृत्तांत माझा होता हे सांगायचे. मास्तरांनी टिपणे दिली. पण मी त्यांना यायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मी येणार नाही. मी समोर बसलो तर लोक म्हणतील, मास्तरांनी पोरीला पढवून आणलंय. साक्षीदाराच्या पाठीशी फायदा होणारा माणूस नसावा."

"पण तुमच्याशिवाय मला कोणी अडचणीचं विचारलं तर?"

"माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. एवढं तरी मी शिकवलं असेल."

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना मी सगळे लेखी कळवले आहे. मंडळ काय ठरवील ते ठाऊक नाही. वाचनालयाने सभागृह दिले आहे, पण वर्तमानपत्रवाल्यांना बोलावू नये अशी अट घातली आहे. ती मला मान्य नाही, आणि तसे मी कळवले आहे. गेल्या रविवारी मी अण्णांना बरोबर घेऊन हुबळीला गोविंदशेटांच्या दुकानात गेले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. कापडाचे ठाण गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "म्हणजे माझा शब्द मी तुमच्या वृत्तांतावरून मोडला, मास्तरांच्या बोलण्यावरून नाही."

"होय."

"आणि आता तुमच्याच वाचनावरून परत देऊ? उद्या तुम्ही म्हणाल तेही चुकलं."

मी म्हणाले, "मास्तरांच्या अक्षरातली टिपणं माझ्याबरोबर असतील. मी वाचलेलं तुम्ही ताडून बघा."

त्यांनी ठाण गुंडाळून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "येतो. चष्मा घेऊन येतो. पण शब्दाचं आत्ता काही बोलत नाही." अण्णांकडे वळून विचारले, "तुम्हीही येणार?" अण्णा म्हणाले, "येणार, आणि या वेळी पुढच्या बाकावर बसणार."

हा लेख लिहूनही मला काही तरी मिळते आहे, हे मी जाणते. मनावरचे ओझे उतरते, आणि मास्तरांची खरी शिष्या म्हणून लोकांपुढे येता येते. वाचकांनी त्याप्रमाणे माझ्या शब्दांतून जेवढे वजा करायचे तेवढे करावे. पण ज्यांनी तीन वर्षे स्वतःवरचा आरोप सोसला आणि तो कोणामुळे आला हे घराबाहेर कोणाला कळू दिले नाही, त्यांच्याबद्दल वर जे लिहिले आहे ते चिठ्ठीच्या कोणत्याही रकान्यात तपासून पाहावे. ते टिकेल असे मला वाटते.

पूज्य मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. डॉक्टर म्हणतात की मोतीबिंदू पिकला की शस्त्रक्रिया करता येईल. ती निर्विघ्न पार पडो, आपले पुस्तक छापलेल्या पानांवर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येवो, त्यातली मुद्रणाची प्रत्येक चूक त्यांना सापडो, आणि पुढची पुष्कळ वर्षे त्यांना आणि काकूंना निरोगी प्रकृती लाभो. सत्काराचा समारंभ फाल्गुन वद्य द्वितीयेला, शनिवारी आहे. त्या दिवशी मी मागे बसेन आणि काही बोलणार नाही. तो दिवस मास्तरांचा आहे. व्याख्यानाचा राहिलेला भाग मी दुसऱ्या दिवशी वाचणार आहे: फाल्गुन वद्य तृतीया, रविवार, सायंकाळी पाच वाजता.